वर जायचं की राहून जायचं? कौंटीच्या शेवटच्या सामन्याविषयी वाचकांचे प्रश्न

कौंटी चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या (कौंट्यांच्या) संघांची चार-दिवसीय सामन्यांची स्पर्धा. तिच्यात वूस्टरशायर २०२५च्या मोसमात पुन्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं, त्यावर गेल्या अंकात मी लिहिलं होतं. लेखात शेवटच्या सामन्याचा आणि वर, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये, जाण्याच्या धडपडीचा उल्लेख जाता जाता आला होता, पण पत्रं आली ती नेमकी त्यावरच. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर वूस्टरला आले आणि सेव्हर्न नदीच्या काठावरच्या न्यू रोड मैदानाची सभासद झाले. उन्हाळ्यात शनिवारी इथल्या एका छोट्या क्लबचं स्कोअरबुक लिहिते. या सदरात उत्तरं देते ती त्याच बाकावर बसून पाहिलेल्या क्रिकेटच्या जोरावर.

मोबाइलवर कौंटीचे धावफलक बघायची मला सवय आहे. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात वाचतो, ‘अमुक संघाला एवढे बोनस गुण मिळाले, तो वर गेला.’ सामना तर अजून दोन दिवस चालायचा असतो! न जिंकता संघ वर कसा जातो? (एक वाचक, नाशिक)

रणजी बघणाऱ्याला हे चटकन समजेल. आपल्याकडे सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीचे ३ गुण मिळतात आणि त्या तीन गुणांसाठी दोन-दोन दिवस झुंज चालते. कौंटीत आघाडीला गुण नाहीत. तिथे पहिल्या डावातल्या धावांना आणि बळींना आहेत, तेच बोनस गुण. पहिल्या ११० षटकांत २५० धावा केल्या की एक गुण, पुढे दर पन्नास धावांना एकेक, ४५० झाल्या की पाच. गोलंदाजी करणाऱ्या संघाला तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या बळीला एकेक गुण. विजयाचे १६, अनिर्णित सामन्याचे सध्या ८. म्हणजे एका सामन्यातून जास्तीत जास्त २४ गुण.

एकूण अठरा कौंट्या. पहिल्या डिव्हिजनमध्ये दहा, दुसरीत आठ. प्रत्येकाचे चौदा चार-दिवसीय सामने, एप्रिल ते सप्टेंबर. खालच्या आठांतले दोन वर, वरच्या दहांतले दोन खाली. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. गुणतक्ता सांगेल तेच खरं. त्यामुळे शेवटच्या फेरीला निघताना प्रत्येक कर्णधाराच्या खिशात एक हिशेब असतो. तिसऱ्या क्रमांकावरचा संघ दहा गुणांनी मागे असला तर दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला पहिल्याच दिवशी दोन-तीन बोनस गुण मिळवून मागच्याचं दार बरंचसं लावून घेता येतं.

हे मैदानात कसं दिसतं तेही सांगते, कारण धावफलकावर ते दिसत नाही. १०८वं षटक संपलंय, आठ बाद ३४४. दहाव्या क्रमांकाचा गोलंदाज बॅट घेऊन उभा आहे, एरवी त्याने डोळे मिटून फटका मारला असता. आज तो पुढे येऊन एकेक चेंडू अडवतोय, कारण बाद झाला तर समोरच्या संघाला नवव्या बळीचा गुण जातो आणि आपला ३५०चा गुण हुकतो. बाल्कनीत कर्णधार हात खाली दाबून ‘सावकाश’ म्हणतोय. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी सगळे खेळाडू सीमारेषेवर पांगवलेत, त्यांना बळी मिळाला तर हवाच आहे, पण धावा मुळीच द्यायच्या नाहीत. मग यष्टिरक्षकाच्या पायांतून चेंडू निसटतो, चार बाय जातात, आणि गुडघ्यावर शाल घेतलेली सत्तरीची माणसं ताडकन उभी राहून टाळ्या वाजवतात. फलकावर ३४८ असतात. अजून दोन हव्यात आणि सात चेंडू उरलेत. सामना कोण जिंकणार, याचा त्या क्षणी कोणी विचारही करत नाही.

यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट नॉर्दम्प्टनशायरची. २०१७ साली त्यांनी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये नऊ सामने जिंकले. नॉटिंगहॅमशायरने सात. तरी वर गेलं नॉटिंगहॅमशायर, पाच गुणांनी. आणि त्याच मोसमात षटकं संथ टाकली म्हणून नॉर्दम्प्टनशायरचे पाच गुण कापले गेले होते! ते पाच राहिले असते तर दोघांचे गुण सारखे झाले असते, आणि विजय जास्त म्हणून नॉर्दम्प्टन वर गेलं असतं. गोलंदाजी बदलताना केलेली थोडी दिरंगाई, क्षेत्ररक्षण लावताना घातलेला घोळ, याची किंमत अख्खा मोसम. म्हणून म्हणते, शेवटच्या सामन्याचा हिशेब एप्रिलमधल्या थंडीतच सुरू होतो, जेव्हा मैदानावर शंभर माणसंही नसतात.

ताई, दोन कर्णधार आपसांत बोलून डाव घोषित करतात आणि मुद्दाम सोपी गोलंदाजी करून धावा देतात, असं ऐकलं. याला फिक्सिंग का म्हणू नये? २०१० साली तुमचाच वूस्टरशायर असा वर गेला ना? (कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षक)

सर, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि टाळण्यासारखा तर मुळीच नाही.

आधी २०१०. सप्टेंबरची अखेरची फेरी. ससेक्सचं वर जाणं नक्की झालेलं होतं. उरलेल्या एका जागेसाठी ग्लॅमॉर्गन (वेल्समधली कौंटी, मैदान कार्डिफला) आणि वूस्टरशायर झगडत होते आणि पारडं ग्लॅमॉर्गनचं जड होतं. न्यू रोडवर आमचा सामना ससेक्सशीच होता, ग्लॅमॉर्गनचा डर्बीशायरशी. पावसाने बराच वेळ खाल्ला होता. साधेपणाने खेळत राहिले असते तर सामना अनिर्णित सुटला असता आणि वूस्टरशायर खालीच राहिलं असतं. दोन्ही कर्णधार बोलले आणि शेवटच्या दिवशी साधारण सत्तर षटकांत तीनशेच्या आसपास धावांचं लक्ष्य ठरलं. मोईन अलीने शतक ठोकलं आणि वूस्टरशायरने ते गाठलं. तिकडे ग्लॅमॉर्गनचा सामना अनिर्णित राहिला. आम्ही वर गेलो, ते राहिले.

त्या दुपारी न्यू रोडवर प्रत्येकाचा एक कान वेल्सकडे होता. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ छोटा रेडिओ कानाला लावून बसले होते आणि तिकडे काही घडलं की मागे न बघता नुसती बोटं वर करायचे. त्या बोटांवरून पाच-सहा रांगा तिकडचा खेळ समजून घेत होत्या. मोईनचा चौकार गेला की टाळ्या, आणि लगेच सगळ्यांच्या नजरा त्या बोटांकडे.

आता तुमचा मुद्दा. फिक्सिंगमध्ये निकाल आधी ठरतो आणि बघणाऱ्यापासून लपवला जातो. इथे निकाल कोणालाच माहीत नसतो आणि लपवलेलं काहीच नसतं. तीनशे धावा करायला लागतात, आणि त्या पाठलागात संघ कोलमडूही शकतो. बोलून ठरतं ते एवढंच, की मेलेल्या सामन्यात जीव आणायचा. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये पावसाने गेलेला वेळ भरून काढायचा हा जुना, उघडपणे चालत आलेला मार्ग आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉर्ड्सचं, २०१६च्या सप्टेंबरमधलं. तिथे प्रश्न विजेतेपदाचा होता. मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांच्यात सामना, आणि अनिर्णित राहिला तर विजेतेपद दोघांना सोडून टाँटनला वाट बघत बसलेल्या सॉमरसेटकडे. यॉर्कशायरच्या ॲडम लिथ आणि ॲलेक्स लीस या फलंदाजांनी गोलंदाजी करून मिडलसेक्सला भराभर धावा दिल्या, मग मिडलसेक्सने डाव सोडला, ४० षटकांत २४० धावांचं लक्ष्य. यॉर्कशायर जिंकूही शकलं असतं. शेवटी टोबी रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन सामना संपवला, मिडलसेक्स ६१ धावांनी विजयी. सॉमरसेटला कौंटी विजेतेपद आजवर एकदाही मिळालेलं नाही. त्यांच्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल!

तरी एक फरक मी मान्य करते. लॉर्ड्सवर दोघांनाही विजयच हवा होता, त्यामुळे दोघांनी सारखीच जोखीम घेतली. २०१०ला ससेक्सला तेवढी गरज नव्हती. कार्डिफच्या लोकांचा राग मला तेव्हाही समजत होता आणि आजही समजतो. त्यांच्याकडे त्या निकालानंतर जेमी डॅलरिम्पलचं कर्णधारपद गेलं आणि संघाची सूत्रं सांभाळणारे मॅथ्यू मेनार्ड पदावरून बाहेर पडले, एवढा तो घाव खोल होता. माझं मत असं आहे, सर: लक्ष्य खरं असेल, गोलंदाज खरे असतील आणि हरण्याची शक्यता खरी असेल, तर तो प्रामाणिक सामना. तीनशे धावा सत्तर षटकांत, चौथ्या दिवसाच्या खेळपट्टीवर आणि ससेक्सच्या पहिल्या प्रतीच्या संघाविरुद्ध, ही भीक नव्हती. धावा देण्यासाठी टाकलेली ती सोपी षटकं मात्र बघवत नाहीत, हे खरंच. मी त्या वेळी चहा घ्यायला उठते.

मी नववीत आहे. माझे आजोबा म्हणतात, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने इंग्लंडच्या एका संघाला वर नेलं. हे खरं आहे का? (श्रीरामपूर)

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे, आणि ही गोष्ट तुझ्या गावात प्रत्येक पोराला माहीत असायला हवी.

२००६ साल. झहीर भारतीय संघाबाहेर होता. दुखापती झाल्या होत्या, नवे डावखुरे गोलंदाज आले होते, आणि पुष्कळांनी त्याचं नाव मागे टाकलं होतं. वूस्टरशायरने त्याला परदेशी खेळाडू म्हणून घेतलं. दुसरी डिव्हिजन, एप्रिलमधली थंडी, बोटं बधिर होतात अशी हवा. सॉमरसेटविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दहा बळी घेतले. वूस्टरशायरकडून पदार्पणात दहा बळी घेणारा खेळाडू शंभराहून जास्त वर्षांत झाला नव्हता.

मग चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध त्याने जे केलं ते ऐक. डावातले पहिले नऊच्या नऊ बळी त्याचे. शेवटची जोडी मैदानात, दहावाही त्याचाच होणार, आणि डॅरन गॉफच्या बॅटची कड लागून गेलेला झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. १३८ धावांत ९ बळी असा तो आकडा राहिला. झेल सोडणारा स्टीव्हन डेव्हिस तेव्हा जेमतेम विशीचा होता, पुढे तो इंग्लंडकडूनही खेळला.

मोसम संपला तेव्हा झहीरच्या नावावर कौंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी होते. सरे पहिलं, वूस्टरशायर दुसरं आणि एसेक्स मागे. दोन संघ वर गेले, त्यातलं एक वूस्टरशायर. ज्या एसेक्सचे नऊ बळी त्याने एका डावात घेतले, तेच शेवटी मागे राहिले.

एकट्याने नेलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या संघात ग्रॅम हिक होता, विक्रम सोळंकी होता. पण त्याचे ७८ बळी वजा केले तर तो संघ कुठे असता, हे इथल्या कोणत्याही जुन्या सभासदाला विचार. न्यू रोडवर आजही झहीरचं नाव काढलं की समोरचा माणूस खुर्ची सरकवून बसतो.

तुझ्या वयाच्या मुलाला त्यातून घेण्यासारखं हे: झहीरने त्या मोसमात आठवडाच्या आठवडा गोलंदाजी केली. चार दिवस सामना, दोन-तीन दिवस प्रवास-विश्रांती, की पुन्हा सामना. चेंडू टाकतानाची त्याची मोठी उडी कमी झाली, धाव आखूड झाली, ताबा आला. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक चेंडू हातात कसा धरायचा, जुना झाल्यावर तो आत-बाहेर कसा न्यायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय संघात परतला. २००७ला ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडचे नऊ बळी घेऊन सामनावीर झाला आणि भारताने ती मालिका जिंकली. २०११च्या विश्वचषकातले त्याचे २१ बळी तर आजोबांनी पाहिलेच असतील. ते सगळं आमच्या नदीकाठच्या छोट्या मैदानावर शिजलं, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. श्रीरामपूरकरांना तर कितीतरी जास्त असायला हवा.

माझा मुलगा बर्मिंगहॅमला शिकायला आलाय. क्रिकेटचं वेड आहे, पण तिथे कसोटीचं तिकीट परवडत नाही म्हणतो. कौंटीचा शेवटचा सामना बघायला तुमच्याकडे पाठवू का? काय काळजी घ्यावी? (एक आई, पुणे)

जरूर पाठवा. बर्मिंगहॅमहून वूस्टरच्या फोरगेट स्ट्रीट स्टेशनला रेल्वेने तासाच्या आत येता येतं. तिथून गावातून चालत, नदीवरचा पूल ओलांडला की मैदान. तिकिटासाठी धावपळ लागत नाही, दारात मिळतं.

सप्टेंबरात खेळ साडेदहाला सुरू होतो आणि सकाळी गवतावर दव असतं. कोट, कानटोपी आणि बसायला काहीतरी जाड हवं, बाक गार असतात. ऊन आलं तर छान, पण चारनंतर ते झपाट्याने उतरतं. जेवणाच्या सुट्टीत बहुतेक वेळा प्रेक्षकांना मैदानात जाऊ देतात, तेव्हा खेळपट्टीजवळ जाऊन गोलंदाजांच्या पावलांचे खड्डे बघायला सांगा. टीव्हीवर ते कधीच कळत नाहीत. लेडीज पॅव्हेलियनमधला चहा आणि केक चुकवू नये.

मोबाइल पूर्ण चार्ज करून आणावा. शेवटच्या दिवशी एका मैदानावर बसून दोन-तीन सामने बघायचे असतात. बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर प्रत्येक कौंटी सामन्याचं समालोचन फुकट ऐकता येतं आणि बहुतेक कौंट्या यूट्यूबवर खेळ दाखवतात. आणि शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसलेले आजोबा दिसले की बिनधास्त विचारावं, ‘आज किती गुण हवेत?’ दुपार कशी गेली ते कळणार नाही.

रणजीत आम्ही बाद फेरी खेळतो, अंतिम सामना होतो, करंडक उचलतो. कौंटीत नुसता गुणतक्ता. त्यात कसली मजा? (विदर्भाचा एक चाहता, नागपूर)

विदर्भाच्या चाहत्याने हे विचारलं याचा आनंद वाटला, कारण तुम्हाला करंडकाची सवय झालीय! २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. शेवटचा तर जामठ्याला केरळविरुद्ध अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर. त्या ३७ धावांमधली एकेक धाव किती मोलाची होती, ते तुम्ही पाहिलंय. कौंटीच्या शेवटच्या फेरीत तेच चालतं, फक्त एकाच वेळी चार-पाच मैदानांवर.

बाद फेरीचा एक मोठा गुण मी मानते. २०१०-११ला राजस्थान प्लेट, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातून आला आणि थेट रणजी करंडक घेऊन गेला. कौंटीत हे होऊच शकत नाही. दुसऱ्या डिव्हिजनमधल्या संघाने कितीही भारी खेळ केला तरी त्या वर्षी त्याला विजेतेपद नाही, वर जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा सगळं करावं लागतं. एसेक्सने ते करून दाखवलं, २०१६ला वर आणि २०१७ला थेट विजेते. नॉटिंगहॅमशायरने २००४-०५ला तसंच केलं होतं.

पण एका माणसाच्या बहरावर लीग जिंकता येत नाही, हे मला कौंटीचं बलस्थान वाटतं. चेतेश्वर पुजाराने २०२२ला ससेक्सकडून आठ सामन्यांत १,०९४ धावा केल्या, सरासरी १०९.४०, लॉर्ड्सवर २३१. ससेक्स आठ संघांत सातवं आलं! चौदा सामन्यांत वीस-वीस बळी घेणारे लोक लागतात, आणि ते ससेक्सकडे नव्हते. बाद फेरीत असा एक फलंदाज एक आठवडा पेटला तर करंडक येऊ शकतो. लीगमध्ये नाही.

दुसऱ्या क्रमांकावर येऊनही वर न गेलेला संघ आहे का? (सांगली)

आहे. केंट, २०१६. तेव्हा पहिली डिव्हिजन आठ संघांची करायची होती म्हणून त्या वर्षी खालून एकच संघ वर जाणार, हे मोसमाआधी ठरलं होतं. तो एक म्हणजे एसेक्स. इथवर केंटला तक्रारीला जागा नव्हती. पण मोसम संपल्यावर आर्थिक अडचणीतल्या डरहॅमला इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मदत दिली आणि शिक्षा म्हणून खाली ढकललं. डरहॅम मैदानावर चौथं आलेलं! त्यामुळे मोकळी झालेली जागा खाली जाणाऱ्या हॅम्पशायरला मिळाली, केंटला नाही. केंटने जाहीर निषेध केला, उपयोग झाला नाही. त्यांना वर जायला २०१८ उजाडलं. जागा भरायचीच होती तर खालून वर चढत आलेल्याचा हक्क आधी, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

आमचा गोवा २०२४-२५ला प्लेटचा अंतिम सामना जिंकून एलिटमध्ये, म्हणजे रणजीच्या वरच्या गटात गेला, आम्ही पेढे वाटले. आता भीती वाटते, परत खाली आलो तर? तुमचा संघ तर सारखाच वर-खाली करतो. दर वेळी तेवढाच आनंद होतो का हो? (म्हापसा)

होतो. मनापासून सांगते.

वूस्टरशायर वर गेलं ते २००३, २००६, २००८, २०१०, २०१४, २०१७ आणि २०२३ला. खाली आलं २००४, २००७, २००९, २०१२, २०१५, २०१८ आणि २०२५ला. ही यादी मला पाठ आहे, आणि शेजारच्या बाकावरच्या कोणालाही पाठ असते. छोटी कौंटी, छोटं मैदान. हिवाळ्यात सेव्हर्न फुगली की सगळं पाण्याखाली, खेळपट्टीवरून हंस पोहतात, पाणी ओसरलं की गाळ काढायचा. २००७ला तर ऐन उन्हाळ्यात पूर आला आणि आमचे पुढचे बरेच सामने त्या मैदानावर होऊ शकले नाहीत. मोठ्या शहरांतल्या कौंट्यांकडे कसोटी सामन्यांचा पैसा येतो, आमच्याकडे तो नाही.

वर जाण्यात नुसता मान नसतो. इंग्लंडच्या संघात यायचं असेल तर पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळावं असं तरुण खेळाडूंना वाटतं, आणि ते चूक नाही. खाली राहिलात की ते जातात. सगळ्यात टोचलेली गोष्ट २०२३ची. आम्ही वर गेलो, आणि त्याच हिवाळ्यात जॉश टंग, डिलन पेनिंग्टन आणि जॅक हेन्स, तिघेही नॉटिंगहॅमशायरला गेले. ज्यांनी वर नेलं त्यांच्याशिवाय वरच्या डिव्हिजनमध्ये उभं राहायचं होतं. २०२४ला संघ टिकला, आणि त्या वर्षी जॉश बेकर हा वीस वर्षांचा फिरकी गोलंदाज मे महिन्यात अचानक गेला, ते दुःख उरात घेऊन टिकला. २०२५ला नॉटिंगहॅमशायर विजेतं झालं आणि आम्ही खाली आलो. सोडून गेलेल्या त्या तिघांवर माझा राग नाही. टंग गोलंदाजीला आला की मी अजूनही सगळं काम सोडून बघते.

गोव्याविषयी म्हणाल तर पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर आणि कश्यप बाकले यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध केलेली ६०६ धावांची नाबाद भागीदारी प्लेटमध्येच झाली. तिथे धावांचा डोंगर उभा राहतो, पण गोलंदाजांची परीक्षा एलिटमध्ये होते. एखादा मोसम वाईट जाईलही. बघायचं ते हे, की खाली आल्यावर खेळाडू टिकतात का आणि दुसऱ्या वर्षी संघ भांडतो का.

आणि अगदीच धीर सुटला तर लेस्टरशायरचा इतिहास काढा. १९७५, १९९६ आणि १९९८चे विजेते. २००३ला खाली आले ते खालीच राहिले. २०१३ आणि २०१४, या दोन पूर्ण मोसमांत त्यांनी चॅम्पियनशिपचा एकही सामना जिंकला नाही. जवळपास तीन वर्षांनी, २०१५च्या जूनमध्ये चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध विजय मिळाला तेव्हा मोठ्या माणसांचे डोळे भरले होते. २०२४ला आपला अजिंक्य रहाणे त्यांच्याकडून खेळला, कार्डिफला शतक केलं. आणि २०२५ला लेस्टरशायर दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतं म्हणून वर गेलं, सोबत ग्लॅमॉर्गन, तेही जवळपास वीस वर्षांनी. २०१०च्या त्या सप्टेंबरात कार्डिफला रडलेल्या माणसांपैकी कितीतरी जण हे बघायला होते, याचा मला, वूस्टरच्या बाईला, खरोखर आनंद झाला.